फर्मानाने मुक्ती मिळते काय? : जपानचा धडा आणि भंडाऱ्याचा अनुभव

(भंडारा जिल्ह्यातील उपासक-उपासिकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपणांसमोर जपानविषयी बोलणार आहे. धानाच्या आणि तलावांच्या या जिल्ह्यात जपानची सरंजामशाही कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. बौद्ध राष्ट्र म्हणून आपण जपानकडे आदराने पाहतो. सरंजामी जोखड फेकून तो देश एका पिढीत आधुनिक झाला, याचे कौतुकही करतो. परंतु त्या देशातही एक बहिष्कृत समाज होता आणि आधुनिकतेच्या त्या झपाट्यात त्याच्या वाट्याला काय आले, हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही. ज्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्या कुटुंबांना तर हा इतिहास अवश्य ठाऊक असला पाहिजे.

सन 1603 पासून 1868 पर्यंत जपानवर तोकुगावा घराण्याची सत्ता होती. देश अडीचशेहून अधिक सरदारांच्या जहागिरींत विभागलेला होता. समाजाची उतरंड ठरलेली होती : वर शस्त्रधारी सामुराई, त्याखाली शेतकरी, मग कारागीर आणि शेवटी व्यापारी. या चौघांच्याही बाहेर ‘एता’ आणि ‘हिनिन’ हे लोक होते. ‘एता’ या शब्दाला अतिशय घाणीचा अर्थ चिकटलेला होता आणि ‘हिनिन’ म्हणजे जो माणूस नव्हे तो. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, वधस्तंभावरील कामे करणे हे त्यांच्या वाट्याला आले होते. वस्ती वेगळी, लग्नसंबंध वेगळे. चातुर्वर्ण्य आणि त्याबाहेरचा अंत्यज ही रचना ज्यांनी भोगली आहे, त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही.

1868 साली मेइजी राजवट आली. 1871 मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या, 1872 मध्ये शिक्षणाचा कायदा झाला, 1873 मध्ये सक्तीची लष्करभरती आली, 1876 मध्ये सामुराईंच्या कमरेची तलवार गेली. आणि 1871 च्याच ऑगस्ट महिन्यात एक फर्मान निघाले की, एता व हिनिन ही नावे यापुढे रद्द असून ते लोक इतर प्रजेसारखेच समजले जावेत. लेखणीच्या एका फटकाऱ्याने अस्पृश्यता संपली, असे कागद सांगतो.

पण कोणाला काय मिळाले, हे पाहा. सामुराईंचा तनखा बंद झाला तेव्हा त्यांना सरकारी रोखे देण्यात आले. जमीनधारकाला जमिनीचा दाखला मिळाला. एता समाजाला मात्र ना जमीन मिळाली, ना भांडवल. उलट कातड्याच्या धंद्यावर त्याचा जो वंशपरंपरागत हक्क होता तो गेला, त्या धंद्यात मोठे भांडवलदार शिरले, आणि पूर्वी नसलेले कर व लष्करसेवा मात्र अंगावर आली. माणूस मोकळा झाला, पण रिकाम्या हाताने.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळा. इंग्रजी अमलात मध्यप्रांतात मालगुजारी बसली आणि गावावरील मालकी मालगुजाराच्या हाती गेली. गावचा कोतवाल बहुधा महार असे. गावकऱ्यांनी दिलेल्या धान्यावर त्याची गुजराण होई. मागावर जाडेभरडे कापड विणणे हा आपल्या अनेक घरांचा धंदा होता. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या कापडापुढे हातमाग टिकेना, आणि विणकराची मुले त्याच गिरण्यांत मजुरीला गेली. पुढे 1950 च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि 1951 पासून तो कायदा अमलात आला. मालगुजाराला नुकसानभरपाई मिळाली, त्याची सीर व खुदकाश्त जमीनही त्याच्याकडे राहिली. तलाव सरकारजमा झाले. परंतु ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्याला या कायद्याने काय दिले? जपानचा सामुराई आणि आमचा मालगुजार, जपानचा एता आणि आमचा विणकर, या जोड्या तुम्हीच जुळवून पाहा.

बंधूंनो, याहूनही कठोर गोष्ट पुढे आहे. फर्मान निघाल्यानंतर दोनच वर्षांनी, 1873 मध्ये, मिमासाका प्रांतातील शेतकऱ्यांनी दंगा केला. नव्या सरकारच्या अनेक कायद्यांवर त्यांचा राग होता. पण हत्यार चालले ते एता वस्त्यांवर. घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. काल वाकून नमस्कार करणारा आज ताठ चालतो, एवढाच त्यांचा गुन्हा. आणि हे वाचून आपण शहारलो, तर आपल्याच मोहाडी तालुक्यातील खैरलांजी आठवावी. 29 सप्टेंबर 2006 रोजी तेथे एका बौद्ध कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. ते कुटुंब आपल्या मालकीची शेती कसत होते, मुलांना शिकवत होते, अन्याय झाला तर पोलिसांत तक्रार करीत होते. 2008 साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा मात्र मानला गेला नाही. म्हणजे मारेकरी सापडले, पण जात सापडली नाही!

1949 च्या नोव्हेंबरात घटना समितीपुढे बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. एकेक मताचे मूल्य समान करणारे हेच बाबासाहेब 1954 साली याच भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पराभूत झाले. ही विसंगती कोठे दूर देशी शोधावयास नको.

दुसरी गोष्ट नोंदवह्यांची. 1872 साली जपानने सर्व कुटुंबांची नोंदवही तयार केली. कित्येक ठिकाणी मुक्त झालेल्यांच्या नावापुढे ‘नवे प्रजाजन’ अशा खुणा पडल्या आणि पुढे सोयरीक जुळविताना व नोकरी देताना त्याच नोंदी शोधल्या जाऊ लागल्या. 1968 मध्ये त्या जुन्या वह्या बंद कराव्या लागल्या; तरी 1975 मध्ये असे उघडकीस आले की, या वस्त्यांच्या नावांच्या याद्या कंपन्यांना विकल्या जात आहेत. आपल्याकडे कोतवाल पंजीत जातीची नोंद आहे. ती नोंद आपल्याला हक्कासाठी लागते. 1956 नंतर बौद्धांच्या केंद्रीय सवलती बंद झाल्या त्या 1990 च्या दुरुस्तीने मिळाल्या, हे विसरू नका. दाखला जपून ठेवा, मुलांच्या शिक्षणासाठी तो निःसंकोच वापरा. पण तो कचेरीच्या टेबलावरच राहू द्या. मुलीची सोयरीक पाहताना पोटजात विचारण्यासाठी तो घरात आणू नका.

कारण जपानचा शेवटचा धडा आपल्याच घरचा आहे. तेथील हे बहिष्कृत लोक बौद्धच होते. तरीही त्यांची विहारे वेगळी राखली गेली, आणि मृत्यूनंतर भिक्षू जे धर्मनाम देतात, त्यात त्यांच्यासाठी जनावर, कातडे अशा अर्थाची अक्षरे योजून ती थडग्यांवर कोरली गेली. 1979 साली एका जागतिक परिषदेत जपानी बौद्धांच्या प्रतिनिधीने आमच्याकडे भेदभाव नाही असे सांगितले. पुढे ते विधान मागे घ्यावे लागले आणि संप्रदायांना आपली दप्तरे व थडगी तपासावी लागली. बुद्धाचे नाव घेतल्याने जात आपोआप मरत नाही. ती रोज, आपल्या हातांनी मारावी लागते. पंचशील म्हणून झाल्यावर आपल्या घरात जर बारके-लाडवण, सोमवंशी-बावणे अशी चौकशी होत असेल, तर आपणही तीच अक्षरे कोरीत आहोत.

मग जपानच्या त्या लोकांनी काय केले? 3 मार्च 1922 रोजी क्योटो येथे त्यांनी ‘सुइहेइशा’, म्हणजे समता संघ, स्थापन केला. दया नको, दुसऱ्याच्या हातची सुधारणा नको, आमची मुक्ती आम्हीच मिळवू, असा त्यांचा निर्धार होता. पुढे त्या चळवळीच्या वारसांनी लढून 1969 साली वस्त्यांच्या सुधारणेचा कायदा मिळविला आणि 2016 साली भेदभाव निवारणाचा कायदा झाला. फर्मानापासून तेथवर एकशे पंचेचाळीस वर्षे लागली.

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर उत्खननात जुन्या स्तूपाचे अवशेष निघाले. ही भूमी बुद्धाला परकी नाही. परंतु विटांचा स्तूप मातीखाली गाडला जाऊ शकतो, हेही पवनीच सांगते. आपल्याला माणसांचा संघ बांधावयाचा आहे. गावोगावी विहारात मुलामुलींसाठी अभ्यासवर्ग चालवा. जमिनीचे कागद वाचावयास शिका. एकावर अन्याय झाला तर दहाजण सोबत ठाण्यात जा, आणि तक्रारीत काय लिहिले ते वाचूनच सही करा. दीक्षा हे आपले फर्मान आहे. त्याची अंमलबजावणी कोणतेही सरकार करणार नाही. ती आपल्यालाच करावयाची आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!