शाली आवरा, अनामत भरा



संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्यावर बोलावं, अशी रीत आहे. मी आज बारावी झालेल्या मुलांच्या प्रवेश अर्जांवर बोलणार आहे. हा विषय साहित्याच्या बाहेरचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी मला भांडायचं आहे आणि ते भांडण मी आत्ताच सुरू करतो.

१९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. नागसेनवनात नुसते वर्ग भरले नाहीत. मुलांच्या राहण्याची सोय झाली, जेवणाची झाली, हातात पुस्तक पडेल अशी झाली. त्या आवारातून बाहेर पडलेल्या मुलांनी मराठी साहित्याला त्याची तोवरची हद्द ओलांडायला लावली. त्या साहित्यावर आज आपण परिसंवाद घेतो, प्रबंध लिहितो, पुरस्कार देतो. पण ते ज्या खोलीत आणि ज्या मेसच्या ताटावर वाढलं, ती खोली आणि ते ताट आजच्या मुलाला मिळतं का, हे विचारायची वेळ आली की आपण म्हणतो, तो समाजकल्याण खात्याचा प्रश्न आहे. नाही. तो या मंडपाचा प्रश्न आहे.

आज सकाळी इथे गुणवंतांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, फोटो. सत्कार आटोपल्यावर मी त्या मुलांजवळ जाऊन बसलो आणि विचारलं, पुढे काय? बहुतेकांनी एकच उत्तर दिलं: ‘बघू.’ एका मुलीला विज्ञान शाखेत उत्तम गुण आहेत. पुण्यात आयसर नावाची विज्ञान शिक्षणाची संस्था २००६ पासून आहे आणि तिथे बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं, हे तिच्या कानावरही आलेलं नाही. तिला ते कोण सांगणार होतं? तिचे वडील ऊसतोडीला जातात. तिच्या शिक्षकांना निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत सगळी कामं आहेत. आणि आपण, ज्यांना हे माहीत होतं, आपण तिच्या खांद्यावर शाल टाकून टाळ्या वाजवल्या.

आपल्या समाजात सगळ्यात विषम वाटणी कशाची असेल, तर ती माहितीची. डॉक्टरच्या मुलाला नववीतच कळतं की कुठली परीक्षा कधी असते, फॉर्म कधी सुटतो, केंद्रीय प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये पहिला पर्याय कुठला टाकायचा, मिळालेली जागा कधी फ्रीज करायची आणि कधी थांबायचं. हे त्याला कुणी शिकवत नाही. जेवताना ते त्याच्या कानावर पडतं. आत्या सांगते, मामा सांगतो, शेजारचा दादा सांगतो. आणि मग तोच मुलगा पुढे गेला की आपण त्याला गुणवत्ता म्हणतो. घरातल्या पहिल्याच शिकणाऱ्या पोरीकडे तेवढीच बुद्धी असते. तिच्याकडे ती आत्या नसते.

मला कुणी सांगू नये की जिद्द असली की वाट सापडते. आपण सगळ्यात जास्त ज्यांचं नाव घेतो, त्या बाबासाहेबांच्या चरित्रातच याचं उत्तर आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज वाचत बसलेला विल्सन हायस्कूलच्या एका शिक्षकांनी पाहिला. ते कृष्णराव अर्जुन केळुसकर. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तकं दिली, आणि पुढे पैशाअभावी शिक्षण अडतंय असं दिसताच त्याला सयाजीराव महाराजांपर्यंत नेलं. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, बी.ए. झालं, आणि १९१३ साली बडोद्याच्याच मदतीवर तो तरुण कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. बुद्धी त्यांची होती, कष्ट त्यांचे होते, याबद्दल वाद कुणाशीच नाही. पण दार कुठे आहे हे माहीत असलेला आणि तिथवर बरोबर चालत जाणारा एक माणूस होता. आणि साहित्यिकांनो, केळुसकर तुमच्यातलेच होते. त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिलं, गौतम बुद्धाचं चरित्र लिहिलं. लेखनाची कामं चालू होती म्हणून त्यांनी त्या मुलाला ‘बघू’ म्हणून परत पाठवलं नाही.

माझी मागणी सरळ आहे. एका मुलाला बागेत केळुसकर भेटले, हा योगायोग होता. आज लाखो मुलांचं भवितव्य आपण त्याच योगायोगावर सोडून दिलं आहे. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात असा एक माणूस पूर्ण वेळ, पगारावर, प्रशिक्षण देऊन नेमलेला असला पाहिजे. भूगोलाच्या सरांकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ देऊन भागणार नाही. जूनमध्ये मंगल कार्यालयात एक दिवसाचं शिबिर भरवूनही भागणार नाही. त्या शिबिरांत दिसतात ते खाजगी कॉलेजांचे एजंट, आणि पोरांना मिळतात ती गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रकं.

आता पैशाकडे येतो, कारण तिथे नुसतं दुर्लक्ष नाही, तिथे अन्याय आहे.

२०२४ साली उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. दलित घर, दारिद्र्यरेषेखालचं. जागा पक्की करायला १७,५०० रुपये हवे होते. गावातून ते गोळा होईपर्यंत शेवटच्या दिवसाची संध्याकाळ झाली, पाच वाजले, पोर्टल बंद झालं आणि जागा गेली. सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२व्या कलमाखालचे अधिकार वापरले, तेव्हा ती परत मिळाली. त्याच्या तीन वर्षं आधी, २०२१ मध्ये, आपल्या पवईच्या आयआयटीत प्रवेश मिळालेल्या एका दलित मुलाची फी कार्डाच्या अडचणीमुळे भरली गेली नाही. त्यालाही सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं आणि न्यायालयाने त्याच्यासाठी जागा निर्माण करायला लावली. न्यायालयाचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत. पण सतरा हजार रुपयांसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, ही व्यवस्था कुठल्या तोंडाने संधीची समानता म्हणवते? आणि जे दिल्लीपर्यंत पोहोचले नाहीत, ज्यांनी पोर्टल बंद झालेलं पाहून मोबाईल खिशात टाकला आणि दुसऱ्या दिवशी वीटभट्टी गाठली, त्यांची नोंद कुठे आहे?

शिष्यवृत्ती आहे, हे मला माहीत आहे. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती या देशात १९४४ पासून आहे. ऐंशी वर्षं झाली. ऐंशी वर्षांत आपल्याला एवढं साधलेलं नाही की पैसा प्रवेशाच्या आधी पोहोचावा. पोरगं कॉलेजात जातं जुलै-ऑगस्टमध्ये, आणि महाडीबीटी पोर्टलवरून शिष्यवृत्तीचा हप्ता येतो सत्र उलटून गेल्यावर. पात्र मुलांकडून प्रवेशाच्या वेळी फी मागू नका, असं शासन पुन्हा पुन्हा बजावतं, आणि कॉलेजची खिडकी पुन्हा पुन्हा मागते. ‘आधी भरा, आली की परत घ्या.’ ज्याच्याकडे आधी भरायला आहे, त्याला शिष्यवृत्तीची एवढी निकड कशाला असती?

स्वाधार योजनेचं गणित पाहा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलासाठी ही योजना आली, चांगल्या हेतूने आली. मुंबई-पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये: जेवणाला ३२,०००, राहण्याला २०,०००, निर्वाहाला ८,०००. वीस हजारांना बाराने भागा. महिन्याला १,६६७ रुपये येतात. पुण्यात कॉट बेसिसवर राहणारी मुलं या मंडपात बसली आहेत. त्यांच्याकडे बघा, ती हसताहेत. एवढ्यात खाट मिळत नाही. आणि हीसुद्धा रक्कम महिन्याच्या महिन्याला येत नाही.

राजर्षी शाहूंना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम २६ जुलै १९०२ चा आहे; तो आपण दरवर्षी साजरा करतो. पण कोल्हापुरातलं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याआधीचं, १९०१ चं. मग जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, अशी रांगच लागली. राखीव जागेपर्यंत पोहोचायला मुलाला आधी शहरात राहावं लागतं, हे त्या राजाने ओळखलं होतं. कर्मवीर भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली तीही बोर्डिंगच्या पायावर. आपण त्यांचे पुतळे उभारले आणि खाटा विसरलो.

पैसा आणि खाट मिळाली तरी काही मुलं कागदावर अडतात; भटक्या-विमुक्तांच्या कागदपत्रांवर तर मला थांबून बोललंच पाहिजे. जात पडताळणीचं प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, काढायची तर जातीचा आणि राहण्याचा जुना पुरावा लागतो. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी त्याची तारीख आहे २१ नोव्हेंबर १९६१. त्या दिवसाच्या आधी तुमचं घराणं महाराष्ट्रात राहत होतं, हे सिद्ध करा. कुणी सिद्ध करायचं? नंदीवाल्याने, मसणजोग्याने, वैदूने, गारुड्याने. ज्यांचं बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर होतं, ज्यांच्या आज्या-पणज्यांचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर नाही, शाळेच्या दाखल्यावर नाही. आणि ज्या विमुक्त जातींना इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्यांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि ज्यांच्यावरचा तो शिक्का स्वतंत्र भारतातही १९५२ च्या ऑगस्टअखेरपर्यंत पुसला गेला नाही, त्यांच्या नातीकडे आपण १९६१ च्या आधीचा रहिवास मागतो. घर ज्यांना कधी मिळू दिलं नाही, त्यांच्याकडे घराचा पुरावा! ही मुलगी सेतू केंद्र, तहसील आणि जात पडताळणी समिती यांच्यामध्ये फिरत राहते, तोवर राउंड संपतात. उच्च शिक्षणाच्या केंद्रीय पाहणीत, २०२१-२२ ची आकडेवारी पाहा, एकूण पटनोंदणीचं प्रमाण २८.४ टक्के आहे, अनुसूचित जातींचं २५.९, अनुसूचित जमातींचं २१.२. भटक्या-विमुक्तांसाठी त्यात रकानाही नाही. मोजायचंच नाही म्हटल्यावर कमी किती, हे कळणार कसं?

पडताळणी समित्यांनो, गृहचौकशीवर विश्वास ठेवा. गावचा, पालाचा, जमातीच्या पंचांचा जबाब घ्या. आणि हे सगळं दहावीच्या वर्षात, शाळेच्या आवारात, तहसीलच्या माणसाने येऊन करावं. पोरीने त्याच्या दारात जाऊन नव्हे.

आता थोडं आपल्याच लोकांशी. माझ्या पिढीतले पुष्कळ जण म्हणतात, आम्ही कंदिलाच्या उजेडात शिकलो, आम्हाला कोण होतं? आम्हाला बोर्डिंग होतं. आम्हाला ‘कमवा आणि शिका’ होतं. फी इतकी होती की सुट्टीत मजुरी करून भरता यायची. ते सगळं आपल्या डोळ्यांदेखत आटलं, विनाअनुदानित कॉलेजांचं पीक आलं, तेव्हा आपण गप्प राहिलो. आता त्या पोरांना जिद्द शिकवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि करिअर म्हणून आपण त्यांच्यासमोर काय ठेवलं आहे? गावातल्या पोराला भेटतात तलाठी, फौजदार, ग्रामसेवक, शिक्षक. म्हणून तो तेच व्हायचं ठरवतो. मग ऐन विशीतली वर्षं स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जातात, शेकड्याने जागा आणि लाखाने अर्ज. मी त्या मुलांना दोष देत नाही. संख्याशास्त्र, नकाशाशास्त्र, न्यायवैद्यक, ग्रंथपालन, कायदा या वाटा त्यांना कुणी दाखवल्याच नाहीत. कायद्याचंच घ्या. राष्ट्रीय विधी विद्यापीठ मुंबईत आहे, नागपुरात आहे, छत्रपती संभाजीनगरात आहे. तिथे जायला क्लॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा नुसता अर्ज भरायला अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांनाही ३,५०० रुपये पडतात. ऊसतोडीवर जाणाऱ्या बापाने परीक्षेच्या निव्वळ अर्जाला साडेतीन हजार काढावेत? ज्या कायद्याने उद्या त्याचं वेतन ठरणार, तो कायदा शिकायच्या दारातच ही रक्कम मागितली जाते.

कुणी म्हणेल, सगळं ताटात वाढून द्यायचं का? होय. तुमच्या मुलांना वाढलं, तसंच. तेवढंच. त्याहून जास्त एक घासही मी मागत नाही.

शासनाकडे मागायचं ते या संमेलनाच्या ठरावांत आहे, आणि ते मी मंत्रालयात स्वतः नेऊन देईन. पण शासनाची वाट बघेपर्यंत यंदाचे राउंड थांबणार नाहीत. म्हणून अध्यक्ष या नात्याने मी दोन गोष्टी इथेच जाहीर करतो. पुढच्या वर्षीपासून या संमेलनात शाल-श्रीफळ बंद. ते सगळे पैसे, आणि माझं मानधन, यांचा एक अनामत निधी होईल; माझ्या मानधनाने तो आजच सुरू होतो. ज्या मुलाचा प्रवेश शेवटच्या तारखेला पैशावाचून अडेल, त्याची फी त्याच दिवशी या निधीतून भरली जाईल आणि शिष्यवृत्ती आली की तो ती परत करेल. दुसरी गोष्ट तुमच्यासाठी. मंडपाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. निवृत्त शिक्षक, बँकेतले, वकील, इंजिनिअर, पुण्या-मुंबईला स्थायिक झालेले आणि आज कौतुकाने गावी आलेले सगळे, बाहेर पडताना त्या वहीत आपलं नाव, मोबाईल नंबर आणि शहरात एखाद्या मुलाला आठवडाभर राहायला जागा देऊ शकता का, ते लिहा. आजपासून शेवटच्या राउंडपर्यंत एका मुलाची जबाबदारी घ्या. ज्यांना जमणार नाही, त्यांनी तसं स्पष्ट लिहावं. पण वहीत काही न लिहिता कुणीही या मंडपाबाहेर जाऊ नये.