हप्ता चुकला तर?

मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. प्रोग्राम लिहिताना 'असं झालं नाही तर काय' हे आम्ही आधी लिहून ठेवतो. आपल्या घरच्या तडजोडींत नेमकी तीच ओळ नसते.

माझ्या अब्बांचं अमरावतीत फॅब्रिकेशनचं दुकान आहे. अकोल्याच्या एका गिऱ्हाइकाकडे 84 हजार थकले. मोहल्ल्यातले चार मोठे बसले, स्टॅम्प पेपरवर ठरलं: महिन्याला 12 हजार, सात हप्ते. दोन आले, तिसरा आला नाही. आम्हाला वाटलं, कागद आहे, कोर्ट वसूल करून देईल. वकील म्हणाले, हा फक्त पुरावा. आधी दावा लावा, तोही तीन वर्षांच्या आत.

तीच तडजोड लोकअदालतीत झाली असती तर? 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे तिथला निवाडा म्हणजे दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा. त्यावर अपील नाही. हप्ता चुकला की नवा दावा नको, सरळ वसुलीची दरखास्त. त्याला मुदत 12 वर्षं. देणेकऱ्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर हुकूमनामा तिकडच्या कोर्टाकडे पाठवून घेता येतो.

केरळमधल्या एर्नाकुलमला चेक न वटल्याची केस अशीच लोकअदालतीत मिटली. 500 रुपये लगेच, 5,500 पाच हप्त्यांत, चुकल्यास बाकी एकदम. हप्ते चुकले. दरखास्त खालच्या कोर्टानं नाकारली, हायकोर्टानंही. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं: मूळ केस फौजदारी असली तरी हा हुकूमनामाच.

मग आम्ही अमरावतीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला. दावा लावण्याआधीही तो देता येतो, कोर्ट फी लागत नाही. ते भाई आले. उरलेले 60 हजार दहा हप्त्यांत ठरले, 'एक चुकला तर बाकी सगळे एकदम' या ओळीसह. चौथ्या महिन्यात त्यांच्या घरी आजारपण निघालं. अब्बांनी दोन महिन्यांची सवड दिली, पण लेखी, दोघांच्या सह्यांनी. अडचणीतल्या देणेकऱ्याला सवड देणं आणि देणं लिहून ठेवणं, कुरआनात सूरह बकरामध्ये या दोन्ही गोष्टी जवळजवळच्या आयतांत आहेत.

अब्बा आधी म्हणायचे, आपल्याच माणसाकडून कोर्टाचा कागद कशाला? आता सवड द्यायची की वसूल करायचं, हे त्यांच्या हातात आहे.

तुमच्या घरी असा स्टॅम्प पेपर असेल तर आज काढून बघा: ती ओळ आहे का, आणि तीन वर्षं कधी संपतात? विचारायचं असेल तर विधी सेवेची हेल्पलाइन आहे, 15100.