मुरूड ते सातारा, पायी

दापोलीजवळच्या मुरूडचा एक मुलगा परीक्षेसाठी भर पावसात सह्याद्रीचा घाट चढून, शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला पोहोचला. वय लहान दिसते, एवढ्याच कारणाने त्याला परीक्षेला बसू दिले नाही.

तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे.

पुढे ते पदवीधर झाले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. तो हिंगण्याला गेल्यावर तिथून पुण्याची रोजची ये-जाही पायीच! १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. १९५८ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले.

मुलांना थोरांचे पुरस्कार तेवढे सांगितले जातात, साताऱ्याहून रिकाम्या हाताने झालेली परतीची वाट मात्र गाळली जाते. पालकांनो, शिक्षकांनो, ती वाट आधी सांगा.