ड्राइव्ह आंतला कीं बाहेरचा?

घरच्या संगणकांतील जागा अपुरी पडूं लागली म्हणजे नवा ड्राइव्ह पेटीच्या आंत बसवावा कीं बाहेरून तारेनें जोडावा, हा प्रश्न येतो. पुष्कळ जण तो केवळ वेगाचा मानतात. वेगांत आंतलाच सरस, हें खरें. फिरत्या तबकडीच्या जागीं एसएसडी बसविली कीं मंदावलेला संगणकही चपळ होतो. पण नातवंडांचीं छायाचित्रें, घराचे दस्तऐवज यांच्या दोन्ही प्रती एकाच पेटींत राहिल्या, तर विजेच्या एका झटक्यानें किंवा एका चोरीनें दोन्ही एकदम जातात. म्हणून पैसा एकापुरताच असेल, तर आधीं बाहेरचा घ्या, असें मी म्हणेन.

मात्र तो अष्टौप्रहर जोडून ठेवूं नये. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला, तेव्हां त्यानें संगणकाला जोडलेल्या ड्राइव्हांवरील मजकूरही कुलूपबंद केला; कपाटांत निजलेल्या ड्राइव्हापर्यंत त्याचा हात पोंचत नव्हता. नक्कल उतरली कीं संगणकाला तशी सूचना देऊन मगच तार काढावी. आंत तबकडी फिरत असेल, तर चालू ड्राइव्ह हालवूंही नये. मजकूर वाचणारें टोंक तबकडीपासून केंसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगत असतें, आणि एका धक्क्यानें तें तिला घांसूं शकतें.