बागेतले पाहुणे आणि बागेतले राबणारे



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला की श्रोते महागाई भत्त्याची वाट पाहू लागतात. आज मी बोलणार आहे पाखरांविषयी. मात्र भत्ता मधूनच डोकावेल, तो चालवून घ्यावा.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडील साच्यावर होते. रिकाम्या हातांनी घरी बसवेना, म्हणून ते मला भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेत. ही बाग १८६२ सालची. तिच्या जुन्या वृक्षांवर पिंजऱ्याबाहेरची पाखरे मुक्कामाला असतात. एकदा वरून टुक्, टुक् असा आवाज आला. वडील म्हणाले, "ऐक, तांबट आहे. याचा कारखाना बघ कसा चालू आहे." हाच माझा पक्षिशास्त्राचा पहिला धडा. पुढचे धडे सार्वजनिक वाचनालयात सलीम अलींच्या पुस्तकांनी दिले.

पाखरे पाहायला जंगलात जावे लागत नाही. बागेतल्या एकाच बाकावर वर्षभर बसावे. माघ-फाल्गुनात तांबट वाळक्या फांदीत ढोली कोरतो, नरमादी पाळीपाळीने. चैत्र-वैशाखात कावळ्याचे घरटे आणि कोकिळाची हाक एकदमच येतात. गातो तो काळा नर. ठिपक्यांची मादी गुपचूप कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते. आषाढ-श्रावणात पर्जन्यवृक्षांवर रातबगळ्यांची वसाहत भरते आणि खालून जाणारे छत्री तिरपी धरतात. थंडीत पिवळाधमक हळद्या येतो, धोबी हिरवळीवर शेपूट हलवीत फिरतो. संक्रांतीला मांजा येतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली, तरी तो फांद्यांत लोंबतोच.

आता मुद्द्याचे. पावसाळ्यापूर्वी फांद्यांची छाटणी होते ती एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे नेमकी घरट्यांच्या दिवसांत. आणि वाळकी फांदी, जी तांबटाचे घर, तीच कुऱ्हाडीला आधी दिसते. धोक्याची फांदी काढलीच पाहिजे, कारण तिच्याखाली माणसे बसतात. प्रश्न आहे तो आज काढावी की दीड महिन्याने, एवढाच.

काही वर्षांपूर्वी एका बागेत अशी फांदी खाली आली. ढोलीत पिले होती. फिरायला आलेल्या मंडळींनी फांदी तोडणाऱ्याला कसाई म्हटले. तो ठेकेदाराचा कामगार संध्याकाळी आमच्या कचेरीत येऊन बसला. म्हणाला, "भाऊ, ढोली मला दिसली होती. पण थांबलो असतो तर मुकादमाने खाडा मांडला असता. माझीही दोन पोरं आहेत."

मी त्याला समजावून परत पाठवले आणि रात्रभर तळमळलो. वीस वर्षे मी मागणीपत्रे लिहीत होतो, पण त्यात हे कलम कधी सुचले नव्हते. पुढच्या मागणीपत्रात ते घातले : घरटे दिसल्यावर काम थांबविणाऱ्याची मजुरी कापू नये, त्याला दुसरे झाड द्यावे. वाटाघाटीत समोरची मंडळी हसली. खरे सांगायचे तर आमचेही दोघे हसले. कलम लेखी मिळाले नाही. तोंडी एवढेच ठरले की अशा झाडाला दोरी बांधावी आणि पिले उडेपर्यंत ते सोडावे. दोरी बांधली जाते. कधी राहूनही जाते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांची अंडी फोडणे, घरट्यांना उपद्रव देणे हे शिकारीच्या व्याख्येत घातले आहे. कायदा चांगला आहे. पण कायदा झाडावर चढत नाही, रोजंदारीचा माणूस चढतो. घरटे पहिल्यांदा त्यालाच दिसते. त्याला थांबण्याचा हक्क नसेल, तर आपल्या दुर्बिणी काय कामाच्या?

म्हणून विनंती एवढीच. घरटे दिसले की छाटणीच्या आधी उद्यान खात्याला लेखी कळवा. पालापाचोळा सगळा झाडून जाळण्याचा आग्रह धरू नका, त्याखालच्या किड्यांवर पाखरे जगतात. आणि शिडीवरच्या माणसाशी भांडण्यापूर्वी त्याला विचारा, "दादा, थांबलास तर तुझा रोज कोण देईल?" त्या प्रश्नाचे उत्तर घेऊन मग जिथे भांडायचे तिथे भांडा. आम्ही बरोबर येऊ.

बाहेर कोकीळ माझ्याहून बरे बोलतो आहे. त्याच्यासाठी मी थांबतो.