सिल्विया देरबेस आणि तीन बहिणींची मालिका



मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्यावर बोललो, त्याआधी बँकेच्या हप्त्यावर. आज एका नटीबद्दल बोलायचं आम्ही गटात ठरवलं आहे. ती मेक्सिकोची, नाव सिल्विया देरबेस. तिचं काम आपल्यापैकी कुणी पाहिलं असेल असं नाही. पण आपल्या दूरदर्शनवर 'हम लोग' नावाची मालिका लागायची, थोरल्या बायांना ती चांगली आठवत असेल. त्या मालिकेचं मूळ मेक्सिकोत, सिल्वियाच्या एका मालिकेपर्यंत जातं.

मेक्सिको म्हणजे अमेरिकेच्या खालचा देश. रोजच्या जेवणात मक्याची भाकरी, आणि आपण रोज वाटतो ती मिरचीही मूळची तिकडचीच. तिथल्या सान लुईस पोतोसी शहरात ८ मार्च १९३२ ला सिल्विया जन्मली. म्हणजे आपल्या महिला दिनाची तारीख. वडील फ्रेंच, आई मेक्सिकन. लहान वयातच ती सिनेमात आली. १९४९ साली 'सालोन मेहिको' नावाचा सिनेमा आला. त्यात थोरली बहीण नाचघरात नाचून पैसे मिळवते आणि धाकटीला चांगल्या वसतिगृहाच्या शाळेत शिकवते. धाकटीला यातलं काहीच माहीत नसतं. ती धाकटी सिल्विया झाली होती. कामाला वाहवा थोरलीच्या वाट्याला आली, पण सिल्वियाचा चेहरा लोकांच्या ओळखीचा झाला.

मग टीव्ही आला. १९५८ साली मेक्सिकोची पहिली रोजची मालिका सुरू झाली, 'सेंदा प्रोहिबिदा', म्हणजे निषिद्ध वाट. लिहिली फर्नांदा विय्येली या बाईंनी. पैसा साबण-टूथपेस्टच्या कंपनीचा. रेकॉर्डिंगची सोय नव्हती, नट स्टुडिओत उभे राहून काम करायचे आणि ते तसंच्या तसं घरोघरी दिसायचं. त्यामुळे आज त्या मालिकेतलं काहीच शिल्लक नाही. सिल्विया त्यात नोरा होती. लहान गावातून शहरात नोकरीला आलेली, आणि पैशाच्या मोहानं एका लग्न झालेल्या श्रीमंत माणसाच्या संसारात शिरलेली. लोक इतके चिडले, की रस्त्यात दिसली तर सिल्वियालाच शिव्या द्यायचे, असं सांगतात. त्या माणसाला कुणी शिव्या दिल्याचं मात्र ऐकिवात नाही! आपल्याकडेही मालिकेतल्या सासूचं काम करणारीला बाजारात लोक काय काय ऐकवतात.

आठ वर्षांनी, १९६६ मध्ये, तीच सिल्विया 'मारिया इसाबेल' झाली. मूळनिवासी समाजातली गरीब पोर, मेलेल्या मैत्रिणीची मुलगी स्वतःची म्हणून वाढवते आणि त्यासाठी शहरात घरकाम करते. आता लोक तिच्यासाठी रडायला लागले. आमच्या गटात यावर वाद झाला. एकीचं म्हणणं, गोऱ्या बाईनं आदिवासी बाई व्हायचं हे बरोबर नाही, ज्यांची गोष्ट त्यांनाच काम द्यावं. तिचं खोटं नाही. मेक्सिकोत ते व्हायला फार वर्षं लागली. वाहाका भागातली यालित्सा आपारिसिओ ही बालवाडीची शिक्षिका होण्यासाठी शिकलेली मुलगी २०१८ च्या 'रोमा' सिनेमात घरकाम करणारीच झाली, आणि ऑस्करच्या मुख्य नटीच्या यादीत तिचं नाव लागलं. तिथल्या मूळनिवासी समाजातली ती पहिलीच.

आता मुख्य गोष्ट. १९७० च्या सुमारास मेक्सिकोत एका बाईला सरासरी सहाहून जास्त मुलं होत होती. १९७४ साली त्यांनी राज्यघटनेत दोन गोष्टी घातल्या. एक, कायद्यापुढे बाई आणि पुरुष समान. दोन, किती मुलं आणि किती अंतरानं, हे ठरवायचा हक्क प्रत्येकाला. कागदावर झालं, पण घरात हे बोलायचं कोणी? नवऱ्यापुढे विषय काढायची सोय नाही आणि चर्चचा विरोध.

मिगेल साबिदो नावाचे मालिका करणारे गृहस्थ होते. १९७५ साली त्यांनी प्रौढ साक्षरतेवर मालिका केली, तर वर्षात आठ लाखांहून जास्त लोकांनी साक्षरता वर्गात नाव घातलं. मग १९७७ मध्ये त्यांनी 'अकोम्पान्यामे' काढली, म्हणजे 'माझ्यासोबत चल'. गोष्ट तीन बहिणींची, आणि त्यात सिल्विया होती. साबिदोंची रीत अशी, की गोष्टीत काही माणसं चांगली, काही वाईट, आणि काही मधली. ही मधली माणसं सगळ्यात महत्त्वाची. ती घाबरतात, भांडतात, चुकतात, मग हळूहळू वाट काढतात. बघणारी बाई चांगल्या माणसाकडे बघून म्हणते, हिचं काय, हिला सगळं सोपं आहे. मधल्या माणसाकडे बघून तिला वाटतं, हे तर माझंच चाललंय. आणि भाग संपला की दवाखाना कुठे, सल्ला कुठे, हे सरळ सांगायचे.

मालिका चालू असताना पाच लाखांहून जास्त बायका कुटुंब नियोजनाच्या दवाखान्यात गेल्या, असं सांगितलं जातं. हे सगळं मालिकेनंच केलं असं आम्ही म्हणणार नाही. सरकारनं त्याच काळात दवाखाने उघडले होते. दारावर जाऊन 'गोळ्या संपल्या, पुढच्या महिन्यात या' असं ऐकावं लागलं असतं, तर मालिकेचा काय उपयोग होता? पण वीस वर्षं जिला शिव्या दिल्या, जिच्यासाठी रडलो, त्या ओळखीच्या बाईच्या गोष्टीत हा विषय आला, म्हणून घरातल्या सगळ्यांसमोर तो ऐकता आला.

आता आपल्याकडचा धागा. १९८२ साली आपले वसंतराव साठे, वर्ध्याचे खासदार, केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. ते मेक्सिकोला गेले, हा प्रकार त्यांनी पाहिला आणि कल्पना इकडे आणली. ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झाली. सुरुवातीच्या भागांत कुटुंब नियोजनाचा उपदेश फार होता, लोक कंटाळले. मग उपदेश कमी करून घरातली भांडणं, मुलींची शिक्षणं, लग्नं वाढवली, तेव्हा ती गाजली. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन बोलायचे. मालिकेतली आई भागवंती सगळं मुकाट सोसणारी. असं सोसू नका, हे दाखवायला ती होती. पण नंतर अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की पुष्कळ जणींना तीच आदर्श वाटली होती. आमच्या मते, मालिका काय दाखवते यापेक्षा ती बघून झाल्यावर बायकांना एकत्र बसून बोलायला मिळतं का, हे बघायला हवं.

म्हणून आमच्याच बोलण्यातलं थोडं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या दर १०० विवाहित बायांमागे ३८ जणींचं स्वतःचं ऑपरेशन झालेलं होतं. ज्यांच्या नवऱ्यानं केलं, त्या शंभरात एकही भरत नाहीत. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी सोपी, कमी त्रासाची, तरी हे असं. बैठकीत आकडा वाचला तेव्हा आधी हसू आलं, मग बराच वेळ कुणी बोलेना.

सिल्विया शेवटपर्यंत काम करत राहिली, म्हाताऱ्या आईची, आजीची कामं. २००१ च्या 'ला इंत्रूसा' मालिकेतही ती होती. ६ एप्रिल २००२ ला फुप्फुसाच्या कर्करोगानं ती गेली. तिचा मुलगा एउहेनिओ मोठा विनोदी नट आहे. तिकडे मुलाला वडिलांचं आणि आईचं, दोन्ही आडनावं असतात. त्यानं पडद्यावर लावलं ते आईचं, देरबेस. आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नाव घालायचा नियम झाला आहे. दाखला काढताना ते आलंय का, तपासून घ्या.

पुढच्या बुधवारी याच वेळेला उपकेंद्राच्या नर्सबाई आपल्याबरोबर असतील. तांबी, गोळ्या, अंतराचं इंजेक्शन, आणि पुरुषांचं ऑपरेशन, सगळ्यावर बोलतील. प्रश्न चिठ्ठीवर लिहून गटाच्या अध्यक्षांकडे द्या, नाव लिहायची गरज नाही. आणि त्या दिवशी रेडिओ जरा मोठ्यानं लावा, ओसरीवर बसलेल्यांनाही ऐकू जाऊ द्या.