कुंकू : दिवसा टिकावे, रात्री निघावे



महाविद्यालयात भाषा शिकवणाऱ्या माणसाने आकाशवाणीवर येऊन कुंकवावर बोलावे, याचे काहींना हसू येईल. पण ज्या गोष्टीवरून मी हा विषय घेतला, ती हसण्याजोगी नाही.

वाशीम तालुक्यातील एका खेड्यात आमच्या ओळखीच्या एक बाई राहतात. सोयाबीनच्या निंदणाला, तुरीच्या सोंगणीला जाणाऱ्या, हाताने कामसू आणि तोंडाने गोड. त्यांच्या कपाळावर नेहमी रुपयाएवढी टिकली असे. एकदा आमच्या घरी तोंड धुताना ती निघाली आणि खाली तेवढाच गोल पांढरा डाग दिसला. माझ्या पत्नीने विचारले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "तोच झाकाले मोठी लावतो, बाई. दिवसभर निघू नये म्हणून पक्क्या डिंकाची आनतो. निघाली तं लोक काय म्हनतीन?"

यातला फास पाहा. डाग पडला तो टिकलीच्या डिंकाने. तो झाकायला टिकली मोठी झाली. टिकली मोठी, म्हणून डिंक जास्त. डिंक जास्त, म्हणून डागही वाढला. गावाने त्याला कोड ठरवले आणि थोरल्या मुलीच्या सोयरिकीला आलेले पाहुणे चहा घेऊन जे गेले, ते परत आले नाहीत.

आता कपाळावरचा रंग दिवसभर टिकावा, ही इच्छा काही चुकीची नाही. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. डोक्यावरून घाम ओघळतो, पदराने कपाळ पुसले जाते आणि कुंकू भुवईवर उतरते. त्यात कुंकू पुसले जाणे म्हणजे अशुभ, ही समजूत. तेव्हा टिकाऊपणाची सोय आपल्या आजीपणजींनीही केलेली होतीच. त्यांच्या फणेरपेटीत आरसा आणि कुंकवाचा करंडा असे, आणि शेजारी मेणाची डबी असे. आधी मेणाचे बोट, मग त्यावर कुंकू.

हे मेण टिकत कसे होते? मधमाशीचे मेण साधारण 62 ते 64 अंश उष्णतेला वितळते. आपले अंग असते 37 अंशांचे. म्हणजे बोटाच्या उबेने मेण मऊ होते, कातडीला धरते, पण उन्हाने पाणी होऊन वाहत नाही. शिवाय घाम म्हणजे पाणीच, आणि मेण पाण्याला दाद देत नाही. खोबरेल तेलाचे उलट आहे. ते 24-25 अंशांनाच पातळ होते. म्हणून नुसत्या तेलावर लावलेले कुंकू हिवाळ्यात बरे राहते आणि उन्हाळ्यात ओघळते. शहरातल्या दुकानात मिळणाऱ्या ओठांच्या रंगाच्या कांडीतही पुष्कळदा मेणच असते. तत्त्व एकच.

आता वरच्या रंगाकडे या. हळदीचा डाग पडलेले लुगडे साबणाने धुवायला घेतले की डाग लाल होतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. साबणात खार असतो, चुन्यातही तोच गुण असतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते. घरगुती कुंकू याच युक्तीने करतात. चांगली हळद आपल्याला लांबून आणायला नको. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत तर हळदीसाठी नावाजलेले. असे चुन्यावरचे कुंकू चिमूटभर घेऊन वर लिंबू पिळले, तर ते पुन्हा पिवळे पडते. लालभडकच राहिले, तर त्यात दुसरा एखादा रंग असण्याचा संशय घ्यावा. एवढ्यावरून दुकानदाराला चोर मात्र ठरवू नये; कुंकू करण्याच्या रीती पुष्कळ आहेत. पण काही बाजारी कुंकवांतील कृत्रिम रंगांनी कपाळाला खाज सुटते आणि पुढे तेथे काळसर चट्टा पडतो, हे त्वचेच्या डॉक्टरांनी पाहिलेले आहे.

शेंदराची गोष्ट याहून गंभीर आहे. जुना शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म. तो मारुतीच्या मूर्तीवर ठीक आहे, माणसाच्या तोंडावर नाही. जपानमध्ये 1887 साली सम्राटापुढे काबुकी नाटकाचा प्रयोग चालू असताना नाकामुरा फुकुसुके या नटाचे पाय थरथरू लागले. चेहऱ्याला रोज लावायच्या पांढऱ्या रंगातले शिसे त्याच्या अंगात भिनले होते. आपल्याकडेही प्रसाधनांना रंग देण्यासाठी शिसे वापरण्यास कायद्याने बंदी आहे. पण पूजेच्या दुकानातील सुटी पुडी प्रसाधन म्हणून विकलीच जात नाही. ती कपाळावर आणतो आपण.

शिक्षक बंधुभगिनींनो, येथे आपला संबंध येतो. शाळेच्या संमेलनात गाल लाल करायला, ओठ रंगवायला हाताशी असेल ते कुंकू किंवा शेंदूर आपण वापरतो. मारुतीचे सोंग घेतलेल्या मुलाला तर शेंदूर फासतो. मूल ओठ चाटते, रंगलेल्या हाताने चिवडा खाते. शिसे लहान मुलाच्या मेंदूला थोडेसेही सोसत नाही. ओठांना खाण्याच्या बिटाचा रस लावा, गालांवर त्याचेच बोट फिरवा. नाटक अर्ध्या तासाचे असते. रंग तेवढा वेळ टिकला म्हणजे झाले.

आता टिकली. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉल नावाचे द्रव्य आढळले आहे. नाव विसरलात तरी चालेल, त्याचे काम लक्षात ठेवा. कातडीला तिचा रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांनाच ते मारते. कधी आधी खाज येते, कधी काहीच जाणवत नाही आणि एक दिवस पांढरा ठिपका दिसतो. प्रत्येकीला हे होते असे नाही. पण जिला होते, तिला आधी कळत नाही.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. सकाळी कपाळ धुऊन कोरडे करावे. मधमाशीच्या मेणाचे अगदी पातळ बोट लावावे. मेण कडक वाटले, तर वाटी गरम पाण्यात ठेवून त्यात खोबरेलाचे दोन-चार थेंब मिसळावेत. त्यावर कुंकू दाबून बसवावे आणि सुटी भुकटी फुंकरीने उडवावी. नवे कुंकू आणल्यावर आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. खाज आली तर ते कपाळाला लावू नये. टिकली सणावारी लावा, हरकत नाही. रोज मात्र तीच जागा, तोच डिंक आणि रात्रंदिवस मुक्काम, असे नको.

रात्री काय करावे? थोडे खोबरेल चोळावे. मेण तेलात विरघळते आणि मऊ फडक्याने पुसून निघते. "रात्री कपाळ मोकळे कसे ठेवावे?" असे वडीलधाऱ्या बाया विचारतील. त्यांचा मान राखून मी विचारतो की, आपणही रोज न्हाताना कुंकू धुऊन पुन्हा लावत होताच ना? तरीही मन धजत नसेल, तर हळदीचे बोट लावावे. सौभाग्य काही डिंकावर अवलंबून नाही.

आणि कपाळावर पांढरा ठिपका दिसला, तर तो झाकू नका. टिकली त्याच दिवशी बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. असा डाग स्पर्शाने कोणाला लागत नाही. कोडसुद्धा संसर्गाचा रोग नाही. शेजेला बसल्याने, एका ताटात जेवल्याने ते होत नाही. हे शाळेत मुलांना सांगितले, तर मुले घरी जाऊन आजीला सांगतील.

त्या बाईंनी टिकली सोडली. काही महिन्यांनी डागाच्या कडेने रंग भरू लागला. मधला ठिपका अजून आहे, कदाचित राहीलही. आता त्या तो झाकत नाहीत. मेणावर बारीक कुंकू लावतात आणि कोणी विचारले तर कारण सांगतात. त्यांचे ऐकून त्यांच्या आळीतल्या दोघीतिघींनी रात्री टिकली काढायला सुरुवात केली आहे.

आपल्या बहुतेक घरांत आरशाच्या कडेला काढलेल्या टिकल्या चिकटवलेल्या असतात. रात्रीची त्यांची जागा तीच. काचेला डाग पडत नाही.